रंगीत थराची जुनी कट ग्लास : ओळख आणि काळ याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगीत थराची कट ग्लास म्हणजे नेमके काय?

स्वच्छ काचेचे भांडे फुंकतानाच त्यावर रंगीत काचेचा थर चढवतात. भांडे सावकाश थंड झाले की ते फिरत्या चाकावर धरून पैलू पाडतात. चाक रंगीत थर ओलांडून आत गेले की खालची स्वच्छ काच उघडी पडते आणि लाल, निळ्या किंवा हिरव्या अंगावर पांढरीशुभ्र नक्षी उमटते. नक्षी रंग काढून झालेली असते, ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. दोन्ही काचा तापल्यावर सारख्याच प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या असाव्या लागतात. तसे नसेल तर थंड होताना थर तडकतो, म्हणून चांगला थर चढवणे हे पैलू पाडण्याइतकेच अवघड काम आहे.

वस्तू हातात आल्यावर सर्वात आधी काय पाहावे?

कापाची कड. नक्षी, रंग, तळावरची सही हे सगळे नंतर. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, वस्तूच्या मागे पांढरा कागद धरा आणि रंगीत भाग संपून स्वच्छ काच सुरू होते ती रेषा तिरक्या कोनातून पाहा. रंग कसा चढवला आहे ते तिथेच कळते. त्याचे तीन प्रकार आहेत.

जाड थर, म्हणजे केसिंग: रंगाला स्पष्ट जाडी दिसते, साधारण १ ते ३ मिलिमीटर. उतरत्या कापावर रंग गडदाकडून फिक्याकडे विरत जातो. घासून सपाट केलेल्या काठावर बाहेर रंगीत आणि आत स्वच्छ अशी दोन वलये दिसतात. थर तीन असले, उदाहरणार्थ स्वच्छ काचेवर लाल आणि त्यावर दुधी पांढरा, तर प्रत्येक कापाभोवती एकात एक दोन रंगीत कडा दिसतात. याला दुहेरी ओव्हरले म्हणतात.

पातळ थर, म्हणजे फ्लॅशिंग: गरम गोळा रंगीत काचेत बुडवून काढलेला. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. कड दिसते, पण रंग विरत जाताना दिसत नाही. तो एकदम संपतो.

भाजून बसवलेला रंग, म्हणजे स्टेनिंग: चांदी किंवा तांब्याच्या क्षारांचा लेप लावून भांडे पुन्हा भाजतात आणि लेप पुसून टाकतात. रंग काचेच्या पृष्ठभागात मुरतो, त्याला जाडी अशी नसतेच. भिंगाखालीही रंग आणि स्वच्छ काच यांच्यात पायरी दिसत नाही. साधा ओरखडाही पांढरा उमटतो. तांब्याच्या लाल रंगावर उजेड तिरका पडला तर अनेकदा पितळेसारखी झाक दिसते.

तिसऱ्या प्रकाराला कमी लेखू नका. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, हायडा (आजचे नोव्ही बोर) इथल्या फ्रीडरिख एगरमानने १८१८च्या सुमारास चांदीचा पिवळा आणि १८३२च्या सुमारास तांब्याचा लाल रंग असा बसवला. रंग इतका पातळ असतो की उथळ कोरीव कामानेही स्वच्छ रेषा निघते. म्हणूनच हरणे, जंगल, किल्ले आणि गरम झऱ्यांच्या गावांची बारीक चित्रे बहुधा याच काचेवर सापडतात.

कापलेल्या चरांच्या आतही रंग आहे. वस्तू नकली आहे का?

लगेच तसे म्हणू नका. काही वस्तूंवर पैलू आधी पाडून, मग एकाआड एक पैलूंना भाजून रंग दिलेला असतो, आणि त्या अस्सल १९व्या शतकातल्या असू शकतात. शंका घ्यायची ती चराच्या तळाशी दाट साचलेल्या आणि उंचवट्यावर विरळ झालेल्या रंगावर, कारण तो फवारलेला रंग असतो. तळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात, मुलामा आणि चित्रकामापासून दूर, कापसाच्या काडीवर अॅसिटोन घेऊन हलके पुसा. फवारलेला रंग बहुधा काडीवर उतरतो. भाजलेला रंग किंवा काचेचा थर जागचा हलत नाही.

बाहेरून खोल पैलू आहेत, तरी स्वच्छ काच कुठेच दिसत नाही. असे का?

रंगीत थर आतल्या बाजूला आहे. काठावर पाहा, रंगाचे वलय आत असेल.

काळ ठरवण्याची पद्धत कोणती?

वस्तूवरची सर्वात नवी गोष्ट शोधा. काळ तीच ठरवते. नक्षी १८४०च्या धाटणीची, पण जिल्हई, म्हणजे कापावर आणलेली चकाकी, आम्लाची असेल तर ती वस्तू १८४०ची असू शकत नाही. जुन्या नक्ष्या कारखान्यांनी शंभर-दीडशे वर्षे पुनःपुन्हा केल्या. तंत्र मात्र उपलब्ध होण्याआधी वापरता येत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी रंगाचा थर, मग जिल्हई, मग काचेचे घटक, मग झीज, आणि नक्षी शेवटी. बहुतेकजण उलट्या क्रमाने जातात आणि फसतात ते तिथेच. उत्तरही एका वर्षात शोधू नये. “१८५० ते १८७०” हे चांगले उत्तर आहे. नुसते “१८५२” म्हणायचे तर हातात कागदपत्र हवे.

जिल्हईवरून काय कळते आणि ती कशी ओळखायची?

पुष्कळ कळते, आणि हाच भाग सर्वात कमी पाहिला जातो. म्हणून जरा सविस्तर.

जुन्या पद्धतीत काम तीन टप्प्यांत होई. लोखंडी चाकावर वाळू आणि पाण्याची धार सोडून कच्चा काप घेत. मग वाळूदगडाच्या चाकावर तो गुळगुळीत करत. शेवटी लाकडी, बुचाच्या किंवा फेल्टच्या चाकांवर प्युमिसची आणि नंतर कथिलाच्या भस्माची पूड लावून चकाकी आणत. अशा कापाच्या कडा धारदार राहतात. बोटाच्या पेराने हलकेच चाचपा, कड टोचते. भिंगाखाली चराच्या लांबीने जाणाऱ्या अतिशय बारीक रेषा दिसतात, आणि खोल कोपऱ्यात कुठेतरी धूसर, नीट न घोटलेला ठिपका राहिलेला असतो. हा ठिपका दोष समजून वस्तू नाकारू नका. चाक तिथवर पोचले नाही याची ती खूण आहे.

१९व्या शतकाच्या अखेरीस हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात वस्तू बुडवून चकाकी आणण्याची पद्धत आली आणि २०व्या शतकात सर्रास झाली. आम्ल पृष्ठभागाचा पातळ पापुद्रा खाते, त्यामुळे कडा किंचित गोल होतात, रेषा पुसल्या जातात आणि सगळीकडे सारखाच, काहीसा मेणचट चकचकाट येतो. अंगावर बारीक लाटा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसू शकतो. खोल कोपरेही उथळ भागाइतकेच चमकतात, आणि हाताच्या कामात हे सहसा होत नाही.

२०व्या शतकाच्या उत्तरार्धात हिऱ्याच्या कणांची चाके रुळली. ती झपाट्याने आणि एकाच खोलीने कापतात. दहा चर मोजले तर दहाही सारखे, रेषाही समान अंतराच्या. जुन्या कामात चर एकमेकांना भेटतात त्या बिंदूवर एखादा केसभर पुढे गेलेला, एखादा मागे राहिलेला असतो.

सावधगिरीची एक गोष्ट: जुनी वस्तू नंतर आम्लात बुडवून “उजळलेली” असू शकते. अशा वेळी चराच्या कडांबरोबर जुने ओरखडे आणि टवकेही गोल झालेले दिसतात.

काच शिशाची, म्हणजे शिसे मिसळलेली, आहे का, हे घरी कसे तपासावे?

वाजवून पाहण्यावर विसंबू नका. पातळ पेला गोड वाजतो, जाड भांडे शिशाचे असूनही बद्द वाजते. घनता मोजणे जास्त भरवशाचे आहे, आणि लहान वस्तूसाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

कोरड्या वस्तूचे वजन लिहून घ्या. आता काट्यावर पाण्याचे रुंद भांडे ठेवून आकडा शून्य करा. वस्तू मजबूत दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल अशी पाण्यात लोंबकळती धरा. ती तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे वस्तूचे घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. वजनाला या आकड्याने भागा. पेला ३१२ ग्रॅम आणि आकडा १०४ आला तर घनता ३.० म्हणजे शिशाची काच. ३०० ग्रॅम आणि १२२ आला तर साधारण २.४६ म्हणजे पोटॅश किंवा सोड्याची काच.

चूक होते ती बहुधा अडकलेल्या हवेमुळे. पेला तिरका करून बुडवा, चरांमधले बुडबुडे बोटाने काढा. बूच लावलेली बाटली तशीच बुडवली तर आकडा निरर्थक येतो. मुलामा सुटत असेल किंवा तडा असेल तर हा प्रयोग करूच नका.

१९व्या शतकातली बोहेमियन काच बहुतांशी पोटॅश-चुन्याची, २.४ ते २.५च्या आसपास. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि अमेरिकेतले दर्जेदार काम शिशाचे. “बोहेमिया, १८५०” म्हणून आलेल्या वस्तूची घनता २.९च्या वर गेली तर दोन्ही शब्दांवर शंका घ्यावी.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची, टॉर्च उपयोगी पडते का?

पडते, पण काळ सांगायला ती एकटी पुरत नाही. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या, खोलीत पूर्ण अंधार करा, डोळ्यांत किरण जाऊ देऊ नका. युरेनियम असलेला पिवळा किंवा हिरवा थर भडक हिरवा पेटतो. बोहेमियात रीडेल घराण्याच्या कारखान्यांनी १८३०च्या दशकापासून ही काच केली, पण ती २०व्या शतकातही होत राहिली. फिकट हिरवी झाक बहुधा मॅंगनीजची असते, ते काचेचा हिरवटपणा घालवायला टाकत. शिशाची काच निळसर दिसू शकते, विशेषतः २५४ नॅनोमीटरच्या लघुलहरी दिव्याखाली. एका जुळणीतले सहा पेले एकत्र ठेवून किरण टाका. पाच एकसारखे आणि सहावा वेगळा दिसला तर तो नंतर घुसवलेला आहे. टॉर्चचा सर्वात चांगला उपयोग हाच.

रंगावरून काळ ओळखता येतो का?

थोडासा. कोबाल्टचा निळा आणि मॅंगनीजचा जांभळा फार जुने आहेत, ते काहीच सांगत नाहीत. लाल मात्र बोलका आहे. सोन्याचा लाल पातळ जागी गुलाबी होत जातो. योहान कुंकेलने १७व्या शतकाच्या अखेरीस पोट्सडाममध्ये तो यशस्वीपणे केला, म्हणजे तोही जुनाच. तांब्याचा लाल विटकरीकडे झुकतो. सेलेनियमचा लाल पातळ कडेला नारिंगी दिसतो आणि तो १८९०च्या दशकापासून पुढचाच. म्हणून लाल पेला उजेडात धरून कापाच्या सर्वात पातळ कडेचा रंग पाहा. डोळा बसायला खात्रीच्या दोन-चार वस्तू शेजारी ठेवून तुलना करावी लागते.

नक्षीवरून काय अंदाज बांधावा?

मोठे, शांत पैलू, गोल किंवा लांबट खिडक्या (थर कापून उघडलेल्या जागा), गॉथिक कमानी, जाड काच आणि जड बूड ही १८३० ते १८५०ची मध्य युरोपीय धाटणी. दुधी पांढऱ्या थरातून लाल किंवा हिरवे दाखवणाऱ्या खिडक्या, त्यांभोवती सोनेरी वेली आणि रंगीत फुले हे १८४० ते १८७०चे. ब्रिटनमध्ये काचेवरचा अबकारी कर १८४५ साली उठला, त्यानंतर तिथे रंगीत काचेला उधाण आले आणि १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती दिसली. बारीक जाळी, अनेक टोकांचे तारे, अंगभर खोल चर ही १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनापासून पहिल्या महायुद्धापर्यंतची अमेरिकन धाटणी. त्यातले रंगीत नमुने स्वच्छ काचेच्या तुलनेत फार थोडे आणि बरेचसे वाइनचे पेले. सरळ भौमितिक पट्टे १९२०-३०च्या दशकांतले.

हे सगळे आरंभाचे काळ आहेत. शेवट कुणीही धरू नये.

देश किंवा कारखाना कसा ओळखावा?

बेल्जियमच्या सेरँ इथला व्हाल सें लाँबेर हा १८२६ साली सुरू झालेला कारखाना. २०व्या शतकाच्या आरंभी त्यांनी शिशाच्या काचेवर गडद, जाड थर आणि अतिशय नेमके खोल पैलू केले. फ्रान्समधले बाकारा आणि सें-लुई त्याच तोडीचे. इंग्लंडमध्ये स्टाउरब्रिज परिसरातले स्टीव्हन्स अँड विल्यम्स आणि थॉमस वेब महत्त्वाचे. दगडी चाकाने केलेले वळणदार, फुलापानांचे इंटाग्लिओ काम त्या परिसराची ओळख आहे. सेंट पीटर्सबर्गच्या शाही कारखान्यातही १९व्या शतकाच्या मध्यात असे काम झाले.

जपानविषयी गोंधळ जास्त आहे. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, कागाया क्युबेईने १८३४ साली कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कोरायला सुरुवात केली, आणि १८८१ साली एमॅन्युएल हाउप्टमन या प्रशिक्षकाने शिनागावाच्या कारखान्यात युरोपीय चाककाम शिकवले. दक्षिण जपानमधल्या सात्सुमा प्रांताचे काम वेगळे. तिथला सरदार शिमाझु नारिआकिरा याच्या काळात, १८५१ ते १८५८, ते बहरले, १८६३च्या इंग्रजी तोफांच्या माऱ्यात कारखाने उद्ध्वस्त झाले आणि १८७०च्या दशकात ते बंद पडले. त्याचा थर जाड, म्हणून कापाच्या उतारावर रंग हळूहळू विरतो. या विरण्याला जपानीत बोकाशी म्हणतात. १९८५ साली ही कला पुन्हा सुरू झाली. जुने नमुने इतके थोडे उरले आहेत की समोर आलेली वस्तू पुनरुज्जीवनानंतरची मानूनच तपासणी सुरू करावी.

तळावर खूण आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा का?

खुणेने वस्तूला दुजोरा द्यावा, वस्तूने खुणेला नव्हे. जुन्या कारखान्यांची चिन्हे रबरी शिक्क्याने आणि आम्लाच्या लेपाने नंतर उमटवणे सोपे आहे. भिंगाखाली पाहा: अस्सल खुणेवरून वापराचे ओरखडे गेलेले असतात. खूण ओरखड्यांच्या वर बसलेली दिसली तर ती नंतरची.

काही ठाम आधार मात्र आहेत. बाकाराची वर्तुळातली डेकँटर (बुचाची दारूची बाटली), देठाचा पेला आणि साधा ग्लास ही आम्लाची खूण १९३६पासून नियमित झाली; त्याआधी कागदी लेबल होते, ते धुण्यात जाई. अमेरिकेत आयात मालावर देशाचे नाव असणे १८९१पासून सक्तीचे झाले. “चेकोस्लोव्हाकिया” असेल तर १९१८नंतरचे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९६९ साली शिशाचे किमान २४ आणि ३० टक्के असे वर्ग ठरवून त्यांना गोल सोनेरी लेबल दिले; असे लेबल म्हणजे त्या वर्षानंतरची वस्तू. आणि बहुसंख्य जुन्या वस्तूंवर काहीच खूण नसते, ते अगदी स्वाभाविक आहे.

तळाची झीज खरी की बनावट, कसे कळते?

वस्तू सपाट काचेवर ठेवा आणि ती नेमकी कुठे टेकते ते पाहा. खरी झीज तिथेच असते. तिचे ओरखडे सगळ्या दिशांना, कमी-जास्त खोल, एकमेकांना छेदणारे असतात आणि त्यांची एक मऊ राखी कड तयार होते. पॉलिशपेपरने केलेले ओरखडे एका दिशेने, एकाच खोलीचे असतात आणि न टेकणाऱ्या खोलगट भागातही सापडतात. कपाटातच राहिलेल्या वस्तूवर झीज नगण्य असू शकते, म्हणून झीज नाही एवढ्यावर निकाल देऊ नका.

दुरुस्ती झालेली आहे का, ते कुठे पाहावे?

काठावर. टवका उडाला की काठ घासून खाली आणतात. मग वरची नक्षी अर्धी कापली जाते, खिडकीची कमान काठाला भिडते, किंवा काठ एका बाजूला एक-दोन मिलिमीटर बुटका भरतो. पेला सपाट जागी उलटा ठेवून डोळा टेबलाच्या पातळीवर आणा, फरक दिसतो. जुळणीत असतील तर उंची मोजा. पायाच्या थाळीचा व्यासही मोजा, तीही घासलेली असते.

डेकँटरमध्ये बूच आणि मान यांची जोडी पाहा. पुष्कळदा दोघांवर एकच आकडा कोरलेला सापडतो. बूच बसवून हलके फिरवा. डळमळले किंवा अर्ध्यावर अडकले तर ते दुसऱ्या बाटलीचे. बुचाच्या रंगाची छटाही उजेडात ताडून पाहावी.

जुन्या म्हणून कोणत्या नव्या वस्तू सर्वात जास्त विकल्या जातात?

लांब देठाचे, पाच-सहा वेगवेगळ्या रंगांचे वाइनचे पेले. जर्मनीतल्या नाख्टमानने आणि हंगेरीतल्या आय्कासारख्या कारखान्यांनी २०व्या शतकाच्या उत्तरार्धात असे पेले मोठ्या संख्येने केले. काम सुबक आहे, वापरायला सुरेख आहेत, फक्त शंभर वर्षे जुने नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे नोव्ही बोरच्या परंपरेतले लाल स्टेनिंगच्या, हरणांची चित्रे असलेल्या फुलदाण्या आणि डबे. ते १९व्या शतकापासून आजतागायत होत आहेत. यांत हरणाच्या अंगावरचे केस आणि झाडांची पाने भिंगाखाली पाहा. जुन्या चांगल्या कामात खोली बदलत जाते, घाईच्या कामात प्रत्येक पान चाकाच्या एकाच टेकीत संपते.

धुताना आणि वापरताना काय टाळावे?

डिशवॉशर अजिबात नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, सिंकमध्ये टॉवेल अंथरलेला, एका वेळी एकच वस्तू. फ्रिजमधले थंड पेय गरम पाण्यातून काढलेल्या पेल्यात ओतू नका. दोन थरांच्या काचेवर आधीच ताण असतो. स्टेनिंगवर खरबरीत घासणी किंवा पूड चालवली तर रंग कायमचा जातो. मुलाम्यावर अमोनिया नको. शिशाच्या डेकँटरमध्ये दारू साठवून ठेवू नये, शिसे तिच्यात उतरते. जेवणापुरती ओतून उरलेली परत बाटलीत घालावी. आतला पांढरा थर चुन्याचा असेल तर पातळ सायट्रिक आम्लात काही तासांत सुटतो. सुटला नाही तर काच झिजून धुरकटली आहे, आणि ती फक्त घोटूनच उजळते.

जाणकाराचे मत घ्यायचे असेल तर कोणते फोटो पाठवावेत?

सहा पुरतात: पूर्ण वस्तू समोरून, पांढऱ्या कागदासमोर कापाच्या कडेचा अगदी जवळून, काठ वरून, तळ तिरक्या उजेडात, चरांच्या भेटीचा एक बिंदू जवळून, आणि अंधारात यूव्हीखाली. सोबत उंची, काठाचा आणि तळाचा व्यास मिलिमीटरमध्ये, वजन, मोजली असल्यास घनता. फ्लॅश बंद ठेवा, त्याने चरांमध्ये पांढरे डाग येतात आणि जिल्हई दिसतच नाही. खिडकीतून येणारा ढगाळ दिवसाचा उजेड सर्वात चांगला.